असं तुझं म्हणणं

इनास सरांच्या उजव्या अंगठ्यावर कायम एक काळपट डाग असायचा. केळीच्या चिकाचा. वसईजवळच्या गिरीज गावात ज्याची वाडी आहे आणि जो स्वतःच्या हातानं घड कापतो, त्याच्या बोटांवर तो असतोच. चीक कपड्याला लागला तर कपडा फाटेपर्यंत राहतो. कातडीवरचा आठ-दहा दिवसांत जातो, पण तोवर दुसरा घड कापायला आलेला असतो. सर शाळेत मराठी शिकवत. पहाटे दोन तास वाडीत काम करायचं, मग आंघोळ करून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून वर्गावर यायचं, असा त्यांचा क्रम. बाकी सगळं स्वच्छ, अंगठा तेवढा तसाच.

माझे वडील मूळ कणकवलीकडचे, मुंबईत नोकरीला. सरांच्या घरामागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, सोडल्या तेव्हा सतरा. म्हणजे आठ वर्षं मी सरांना शाळेत शर्टात आणि घरी बनियनमध्ये, असं दोन्हीकडे पाहिलं. माणूस एकच होता. हे मी नंतर पाहिलेल्या फार थोड्या लोकांबद्दल म्हणू शकेन.

संध्याकाळी त्यांच्या घरी रोझरीची प्रार्थना व्हायची. ती संपली की घरातली मुलं आशीर्वाद मागायला येत आणि सर प्रत्येकाच्या कपाळावर अंगठ्यानं छोटासा क्रूस काढत. अंगणात खेळणारी आम्ही भाडेकरूंची मुलंही त्या रांगेत उभी राहायचो. कोणी पडलं, खरचटलं, रडलं, तरी सरांचा अंगठा आपोआप कपाळाकडे जायचा. आईनं एकदा मला विचारलं, "काय रे लावतात सर?" मी म्हटलं, "काही नाही, नुसता अंगठा." तिनं माझं कपाळ बघितलं, काही नव्हतं, ती पुन्हा भाकऱ्यांकडे वळली. तेव्हा एवढी चौकशी पुरत असे.

सरांची दुसरी सवय बोलण्यातली होती. तुम्ही काही म्हणालात की ते आधी तुमचं वाक्य तुम्हाला परत देत. "सर, गणिताच्या सरांनी मला उगाच मारलं." त्यावर सर म्हणणार, "गणिताच्या सरांनी तुला उगाच मारलं, असं तुझं म्हणणं. बरोबर?" आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून शांतपणे ऐकलं की त्यातला 'उगाच' टोचायला लागायचा. मग आपणच म्हणायचं, "म्हणजे तसं उगाच नाही." सर हसायचे. त्यांचं अर्धं काम झालेलं असायचं.

त्यांच्या पत्नीला, फ्लोरीआंटीला, या सवयीचा भयंकर कंटाळा होता. विहिरीवरचा पंप चालू राहिला आहे असं तिनं ओट्यावरून ओरडून सांगायचं आणि यांनी पुस्तकातून डोकं वर काढून म्हणायचं, "पंप चालू राहिलाय, असं तुझं म्हणणं."

"माझं म्हणणं नाही, पाणी म्हणतंय," आंटी म्हणायची. "उठा, नाहीतर केळी पोहायला लागतील."

शनिवारी शेवटच्या तासाला सर पुस्तक उघडत नसत. वहीचं पान मधोमध दुमडायला सांगत. डावीकडे लिहायचं 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. मग ते काहीतरी करत, खिडकी लावत किंवा कोणाला तरी बाहेर पाठवत, आणि आम्ही लिहायचं. एका शनिवारी ते वर्गात आले ते उजवा डोळा सुजलेला, लाल. एक शब्द बोलले नाहीत, फळ्यावर नुसती उभी रेघ मारली. वर्गातल्या निम्म्या मुलांनी डावीकडेच लिहिलं, 'सर रडले.' एकानं लिहिलं, 'सरांचं आंटीशी भांडण झालं.' वाडीत गांधीलमाशी चावली होती.

मी आकड्यांचा मुलगा. मी डावीकडे लिहिलं: उजवा डोळा सुजलेला, चष्मा नाही, वर्गात यायला चार मिनिटं उशीर. उजवी बाजू कोरी. मला वाटलं, आज पाठ थोपटणार. सरांनी वही हातात घेतली आणि म्हणाले, "सावंत, उजवीकडे काहीच नाही. सुजलेला डोळा बघून तुला काहीच वाटलं नाही?"

"नाही सर."

"भीती?"

मला भीती वाटली होती. सरांना कोणीतरी मारलं असेल, असं मनात आलं होतं.

"ज्याची उजवी बाजू कोरी असते ना," ते म्हणाले, "त्याचं वाटणं डावीकडे जाऊन बसतं. त्याला स्वतःलाही कळत नाही. तुझ्यासारख्या नेमक्या मुलानं जास्त सांभाळायचं."

एकदा त्यांनी 'मी' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. मी उंची, वजन, हजेरी क्रमांक, पत्ता, मागच्या परीक्षेचे गुण असं लिहून दिलं. "हे सगळं शाळेच्या दाखल्यावर आहे," सर म्हणाले. "यात तू कुठायस? आणि शेजारच्याला विचारलं तर तो तुझ्याबद्दल यातलं एक तरी सांगेल का?" शेजारचा म्हणाला, "सर, हा डबा खाताना घास मोजतो." वर्ग हसला. मला ते माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून जेवताना मला माझं मोजणं ऐकू येतं.

गावात भांडण झालं की लोक सरांकडे येत. दोन शेजाऱ्यांचं सामाईक विहिरीच्या पाळीवरून इतकं बिनसलं होतं की एकानं दुसऱ्याची रोपं उपटली होती. सरांनी दोघांना ओट्यावर बसवलं आणि अट घातली. आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगायचं. तो 'बरोबर' म्हणाला की मगच आपलं बोलायचं. रोपं उपटणाऱ्यानं दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा समोरचा म्हणाला, "असं नाही," आणि सुटलेलं सांगून टाकलं. तिसऱ्यांदा तो समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून बोलायला लागला, "माझी पाळी असताना यानं पंप लावला, मी चार दिवस तोंडात शब्द गिळले, माझी बायको आजारी होती…" आणि तिथे थांबून त्यानं समोरच्याकडे पाहिलं. "बायको आजारी होती? मला कोणी सांगितलं नाही." आंटी चहा घेऊन आली तेव्हा दोघंही जमिनीकडे बघत होते. मी पायरीवर बसून हे पाहत होतो. मला वाटलं होतं, सरांच्या या हत्यारासमोर जगातलं कुठलंही भांडण टिकणार नाही.

हे मी चुकीचं समजलो होतो. ते कसं कळलं, ते आता लिहितो.

माझं लग्न झालं, नोकरी लागली, विरारच्या बोळिंजमध्ये फ्लॅट घेतला. चौथा मजला, चार विंग, सगळ्या एकसारख्या, एकाच रंगाच्या. गिरीजला जाणं कमी होत होत सणावारी फोन करण्यापुरतं उरलं. मागची सहा वर्षं सरांना पाहिलंही नव्हतं.

अशात आमच्याकडे ते भीतीचे दिवस आले. कुठून आले, कोणी आणले, कोणालाच माहीत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर रोज निरोप यायचे. मुलं पळवणारी माणसं फिरत आहेत. त्यांत एक निरोप असा होता की एक म्हातारा येतो, अंगठ्याला औषध लावून मुलाच्या कपाळावर टेकवतो आणि मूल मुकाट्यानं त्याच्या मागे चालायला लागतं. मी तो वाचला. खरा वाटला नाही. तरी पुढे पाठवला, कारण खरा निघाला तर?

माझी मुलगी मुक्ता तेव्हा नववीत होती. क्लासहून घरी चालत यायला तिला अकरा मिनिटं लागत. क्लास साडेपाचला सुटायचा. मी सुट्टीच्या दिवशी पाच पस्तीसपासून बाल्कनीत उभा राहायचो. बायको म्हणायची, "तुम्ही बघत राहिल्यानं ती लवकर येणार आहे का?" मी पुन्हा घड्याळ बघायचो. खाली लोकांनी आपली मुलं घरात ओढायला सुरुवात केली होती. फेरीवाल्याला गेटवरच थांबवत. लिफ्टमध्ये शेजारच्या बाळाकडे बघून हसायचीही सोय राहिली नव्हती.

त्या शनिवारी मुक्ताला उशीर झाला. पाच त्रेचाळीस झाले, पन्नास झाले. फोन उचलत नव्हती. आणि गेटसमोर एक माणूस उभा दिसला. वरून टोपी दिसली, खांद्यावर कापडी पिशवी दिसली आणि न हलणारे पाय. मी घड्याळ लावलं. सात मिनिटांनी ग्रुपवर लिहिलं: 'गेटसमोर वयस्कर अनोळखी माणूस सात मिनिटं उभा आहे. खांद्याला पिशवी. मुलांकडे बघतोय.' मग आत जाऊन मुक्ताच्या क्लासला फोन लावला. जादा तास चालू आहे, असं कळलं. मी पलंगावर बसलो, पाणी प्यायलो. तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला.

लिफ्ट अडकली होती. आमच्या जिन्याला एका मजल्याला अठरा पायऱ्या आहेत. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा खालच्या गोंगाटातून एक आवाज वर आला. थकलेला, पण शब्दन् शब्द वेगळा.

"मी या मुलीच्या कपाळाला औषध लावलं, असं तुमचं म्हणणं. बरोबर?"

कठडा धरून उरलेल्या पायऱ्या उतरलो.

खाली तीस-पस्तीस माणसं होती. वॉचमननं गेट लावून घेतलं होतं. मधोमध इनास सर. टोपी जमिनीवर. बी विंगमधल्या एका तरुणानं त्यांची कॉलर धरली होती, शर्टाचं वरचं बटण तुटून लोंबत होतं. सर एरवीपेक्षा वीतभर बुटके दिसत होते. बाजूला ए विंगमधली सहा वर्षांची आर्या आईच्या कमरेला चिकटून रडत होती. तिची सायकल आडवी पडली होती.

झालं होतं एवढंच. सर मला भेटायला आले होते. आर्या गेटच्या आत सायकलवरून पडली, सर आत आले, तिला उचललं, आणि चाळीस वर्षं जे आपोआप होत होतं ते झालं. अंगठा तिच्या कपाळाकडे गेला.

"अंगठा बघा ना याचा," कोणीतरी म्हणालं. "काळा आहे. काहीतरी लावलंय."

"पिशवी उघड रे."

पिशवीतून वाळलेल्या केळीच्या पानात गुंडाळलेल्या, तपकिरी, चिकट वड्यांसारखं काहीतरी निघालं. सुकेळी होती ती, उन्हात वाळवून मुरलेली राजेळी केळी. वसईत पिढ्यान्‌पिढ्या करतात. आमच्या चार विंगांत ओळखणारं कोणी नव्हतं.

"मुलांना खायला देतो हे."

सरांचे ओठ कोरडे पडले होते. तरी ते त्या तरुणाकडे वळून, वर्गात वळायचे तसेच, म्हणाले, "तुला भीती वाटतेय की मी तुमची मुलं नेईन. असं तुझं…"

"कबूल करतोय बघा," मोबाईल उंच धरलेला एक जण म्हणाला. "अरे, स्वतःच्या तोंडानं बोलतोय. रेकॉर्ड झालंय सगळं."

त्या क्षणी मला कळलं की आयुष्यभर ज्यानं त्यांनी माणसं शांत केली, तेच त्यांना बुडवत होतं. आणि त्यांना दुसरं काही येत नव्हतं. कोणीतरी त्यांच्या खांद्याला धक्का दिला. ते पडले नाहीत, पण हात हवेत कशाला तरी धरायला गेले.

मी गर्दीत घुसलो. "हे माझे सर आहेत," म्हणालो.

बी विंगमधल्यानं माझ्याकडे पाहिलं. "सावंतकाका, तुम्हीच टाकलंत ना ग्रुपवर? सात मिनिटं उभा आहे म्हणून?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सरांनीही मान वळवली. त्यांना तेव्हाच कळलं.

"उभे होते ते मला दिसलं," मी म्हणालो. "बाकीचं मला वाटलं. माझी मुलगी घरी आली नव्हती. मी घाबरलो होतो. मला वरून नुसती टोपी दिसली. या माणसाच्या घरात मी आठ वर्षं वाढलो आणि मी त्यांना ओळखलं नाही. या अंगठ्यानं माझ्या कपाळावर शंभरदा क्रूस काढलाय. केळीचा चीक आहे तो." आणि पिशवीतलं एक सुकेळ घेऊन मी खाल्लं. कोरड्या तोंडात ते फिरेना, पण गिळलं.

आर्याच्या आईनं ओढणीनं मुलीचं कपाळ पुसलं, ओढणी नाकाशी धरून वास घेतला आणि हळूच म्हणाली, "काही नाहीये." कॉलर सुटली. लोक पांगले. माफी कोणी मागितली नाही. जाता जाता एक जण म्हणाला, "काका, राग मानू नका. आजकाल कोणावर विश्वास ठेवायचा?" सरांनी मान हलवली. मी टोपी उचलून झटकली आणि त्यांच्या हातात दिली.

घरी बायकोनं चहा दिला. सरांनी कप तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "काय लिहिलं होतंस, वाच."

मी वाचलं.

"आकडा बरोबर आहे," सर म्हणाले. "सातच मिनिटं. मीही घड्याळ पाहिलं होतं. पण मुलांकडे बघत नव्हतो रे. विंगची पाटी वाचत होतो. पाटी मुलांच्या मागे आहे."

मी मान खाली घातली. "घाबरलो होतो, सर."

"तू घाबरला होतास," ते म्हणाले. पुढचं म्हणाले नाहीत. मग बारीक आवाजात, "मी पण."

मुक्ता पावणेसातला आली. सरांना वाकून नमस्कार केला. त्यांचा हात उठला, अर्ध्यावर थांबला आणि मांडीवर परत आला. "सुखी राहा," ते म्हणाले.

मी त्या मोबाईलवाल्याच्या घरी जाऊन व्हिडिओ काढून टाकायला लावला. त्यानं माझ्यासमोर पुसून टाकला. पण तो आधीच पुढे गेला होता. चौथ्या दिवशी माझ्याकडेच आला, अकरा सेकंदांचा. कोणीतरी कापून आटोपशीर केला होता. त्यात सर स्पष्ट शब्दांत म्हणतात, "मी या मुलीच्या कपाळाला औषध लावलं." आणि तो संपतो. मागून शिव्या ऐकू येतात. 'असं तुमचं म्हणणं' त्यात नाही.

तो गिरीजलाही पोचला. गावात त्यांना सगळे ओळखतात, लोक चिडले, काही जण हसलेही. पण बसमध्ये, बाजारात, बँकेच्या रांगेत भेटणारे सगळे गिरीजचे नसतात. आंटीनं फोनवर सांगितलं की सर आता बसनं जाणं टाळतात. गेलेच आणि पुढच्या सीटवर लहान मूल असलं तर उतरून जातात. मी दर रविवारी जायला लागलो. ओट्यावर बसायचो, ते वाडीकडे बघत बसायचे.

पुढच्या वर्षी सर गेले. झोपेतच. त्याच्या आधीच्या रविवारी मी त्यांना शेवटचं पाहिलं.

रोझरी संपली होती. नातवंडं आशीर्वादाला आली. सरांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मग त्यांनी मुलांपासून हातभर अंतर ठेवून हवेतच क्रूस काढला. धाकटी नात तशीच कपाळ पुढे करून उभी राहिली होती. तिला कोणीतरी आत नेलं.

मी निघालो. अंगण ओलांडून वळून पाहिलं तर सर नळापाशी उकिडवे बसून नारळाच्या काथ्यानं अंगठा घासत होते. काथ्याला राख लावलेली होती. अंगठा लाल झाला होता, डाग तसाच.

"अहो, कशाला घासताय?" आंटी दारातून म्हणाली. "काल घड कापलाय. आठ दिवस जायचा नाही तो."

सरांनी मान वर केली. जुन्या सवयीनं तोंड उघडलं.

"आठ दिवस जायचा नाही…"

आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. बसची वेळ बघायला मी मोबाईल हातात घेतला होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

मी मोबाईल खिशात टाकला. दोन्ही हात मोकळे करून उभा राहिलो, ते वाक्य पूर्ण करतील म्हणून. किती वेळ, ते मोजलं नाही. सर खाली वाकले आणि पुन्हा अंगठा घासू लागले.